नव्या बाटलीचा पहिला थेंब

ड्रॉपरच्या टोकाशी तो थेंब लोंबत राहिला—पिवळसर, जरा दाट, पडू की नको असं करत—आणि तिच्या नकळत तिची जीभ दातांपुढे आली. छे! साठी उलटलेली डॉक्टर, समोर पेशंट बसलेली, आणि हिची जीभ बाहेर. तिनं थेंब बाटलीत परत सोडला.

सवय बाबांची. तेही डॉक्टर, याच खोलीत बसायचे. तेव्हा गांजाचा अर्क औषधांच्या दुकानात उघड मिळे, पण एक बाटली सौम्य निघे तर दुसरी जहाल, लेबल मात्र तेच. म्हणून नवी बाटली फोडली की पहिला डोस ते स्वतः घेत आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत तीन तास बसून वहीत लिहीत—नाडी, तोंडाची कोरड, 'हसू येत आहे, कारण सापडत नाही'... बाहेर पेशंट मुकाट थांबत. डॉक्टर बसलेत, म्हणत. शाळेतून आली की तिला चपला हातात घेऊन चालावं लागे.

मग ती एक बाटली. जहाल निघाली, आणि नेमकी त्याच सकाळी सरकारी तपासणीची माणसं दारात. बाबा खुर्चीत घोरत होते, वही छातीवर. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी 'गंजेडी डॉक्टर' झाले होते. पुढच्याच वर्षी त्या अर्कावर बंदी आणायला डॉक्टरांच्या सह्या गोळा झाल्या—याचा वैद्यकीय उपयोग काही नाही—आणि नुकत्याच डॉक्टर झालेल्या लेकीनं, लाजेनं मान वर होत नव्हती म्हणून, तिसऱ्या ओळीत सही ठोकून दिली. "वाचून केलीस ना?" बाबा एवढंच म्हणाले. तिनं वाचलं नव्हतं.

"डॉक्टर, बघताय ना?"

समोर शिवणवाल्या बाई. मज्जातंतूंच्या आजारानं दीड वर्ष त्यांची बोटं आखडलेली. तीन आठवड्यांपूर्वी तिनं त्यांना हे औषध लिहून दिलं—बंदी उठल्यानंतरची या खोलीतली पहिली चिठ्ठी. आणि बंदी उठली ती काय आपोआप? फेरविचार समितीपुढे बाबांच्या एकोणीस वह्या तिनंच मांडल्या होत्या. "म्हणजे डॉक्टरच औषध पिऊन बसायचे?" समितीतल्या चष्मेवाल्या डॉक्टरांनी विचारलं होतं. "मग काय, आधी पेशंटला पाजायचं होतं?" सगळे हसले, चष्मेवालेही हसले, पण या वेळी बाबांना नव्हे. अहवालात पहिला पुरावा म्हणून त्या वह्या आल्या. तिच्या सहीबद्दल कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

बाईंनी सुई उजेडात धरली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. चुकला. पुन्हा चुकला...

"गेला! अहो, एका झटक्यात—बरं, तीन झटक्यांत! आता सुनेला सांगते, माळ्यावरचं माझं मशीन काढ आधी!"

बाबा, गेला! खिडकी उघडून रस्त्यावर ओरडावंसं वाटलं तिला, की बघा रे, गंजेडी म्हणणाऱ्यांनो, त्या झोपेत माझा बाप काम करत होता! आनंद असा उसळला की टेबल धरावं लागलं.

"पुढची चिठ्ठी देताय ना?"

तिनं लिहिली. सहीपाशी पेन थांबलं—तीच सही, तिचं शेवटचं लांब शेपूटसुद्धा तेच. तिनं चिठ्ठी पहिल्यापासून वाचली, शब्दन् शब्द, मोठ्यानं.

"मला पाठ आहे हो ते," बाई हसल्या.

"मला नाही," ती म्हणाली, आणि सही केली.

बाई गेल्यावर ती खिडकीजवळ गेली. आताच्या बाटल्या सगळ्या सारख्या, कुणी चाखून बघायची गरज नाही. तरी ती त्या वेताच्या खुर्चीत बसली, जन्मात पहिल्यांदा. हसू येत होतं. कारण सापडत होतं, बाबा, चांगलं लख्ख सापडत होतं... डोळे का वाहतायत तेवढं मात्र नीट लिहिता आलं नसतं.

दाराबाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "थांबा जरा. डॉक्टर बसल्यात."