न कापलेली पानं

डॉक्टरांकडे पुस्तकं किती होती, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते उठून कपाट उघडत, आणि मग जेवणाची वेळ टळली तरी पाहुण्याची सुटका नसे. तसे ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून कमवायचं आणि संध्याकाळी जुन्या पुस्तकांवर उधळायचं, हा त्यांचा क्रम. कातडी बांधणीच्या कादंबऱ्या, सोनेरी कडांची नाटकं, आतून रंगीत लाटांचा कागद लावलेले कवितासंग्रह, सगळं काचेआड, ओळीनं मांडलेलं. पुस्तकाला हात लावायचा तर दवाखान्यातले पातळ हातमोजे घालूनच. डॉक्टर घरात हातमोजे चढवताना दिसले की त्यांचा मेव्हणा आपोआप गाल धरायचा.

पुस्तकांच्या बाबतीत डॉक्टर एकच गोष्ट करत नसत. वाचत नसत. "वाचायला ग्रंथालयं आहेत की," असं ते म्हणत, आणि ग्रंथालयातही जात नसत. त्यावर त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की लोक सवत आणतात, ह्यांनी सहा कपाटं आणली. सवतीशी निदान भांडता तरी आलं असतं.

ह्या सहा कपाटांतला मुकुटमणी म्हणजे एक जुनी कादंबरी. नाव सांगून उपयोग नाही. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि ज्यांनी ऐकलंय त्यांनी ती वाचलेली नसणार. पूर्वी मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापत, कागदाच्या घड्या घालत आणि तशाच शिवून पुस्तक बांधत. पानं वरून, बाजूनं एकमेकांना जोडलेली राहायची. वाचणारा सुरी घेऊन बसायचा आणि घडी कापत कापत पुढं जायचा. डॉक्टरांच्या प्रतीची एकही घडी कुणी कापलेली नव्हती. म्हणजे छापल्यापासून ती कुणीही वाचलेली नव्हती, आणि म्हणूनच ती अनमोल होती. पुस्तकाची किंमत कुणी न वाचल्यानं वाढते, हे बायकोला कधीच पटलं नाही. पण जुन्या पुस्तकांच्या मंडळात ह्यावर कुणी हसत नसे.

मंडळाचे अध्यक्ष होते एक वकीलसाहेब. त्यांच्याकडेही ह्याच कादंबरीची एक प्रत होती. लाल कातड्याची, देखणी, पण पानं कापलेली. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात मधोमध जी काचेची पेटी असते, तिच्यात दरवर्षी ती लाल प्रत मिरवायची, आणि दरवर्षी डॉक्टरांच्या पोटात दुखायचं. यंदा रविवारी मंडळ डॉक्टरांच्या घरी येऊन त्यांची प्रत तपासणार होतं. घड्या शाबूत निघाल्या की मधली पेटी डॉक्टरांची.

त्याच आठवड्यात डॉक्टरांची थोरली बहीण राहायला आली.

ताईला वाचायला काहीही चालायचं. वाण्याच्या पुडीचा कागद, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, शेजारच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र. बोटाला थुंकी लावून ती पान उलटायची, त्यामुळे ती आली की डॉक्टर कपाटांच्या किल्ल्या खिशात ठेवत. पण मुकुटमणी दाखवल्याशिवाय त्यांनाही राहवेना. हातमोजे घालून त्यांनी कादंबरी बाहेर काढली आणि तिच्यासमोर धरली.

ताईनं नाव वाचलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"अरे, ही तर माझी!"

"तुझी कशी? माझी आहे."

"ही अर्धी वाचलीय मी. पुढं काय झालं ते कळलंच नाही. जा, सुरी आण बरं."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "सुरी? ताई, हे कलिंगड नाही!"

मग त्यांनी तिला घड्यांचं माहात्म्य समजावलं, रविवारचं सांगितलं, मधली पेटी कशी असते तेही हातवारे करून दाखवलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं तिचं सांगितलं.

त्यांची आई लवकर गेलेली, वडील कायम फिरतीवर. डॉक्टर तेव्हा सात वर्षांचे आणि ताई अठराची. तिला नर्सिंगच्या शिक्षणासाठी बोलावणं आलं होतं, दूर, बोटीनं जायचं होतं. धाकट्याला मामाकडे ठेवावं असं सगळे म्हणत होते. तिचं मन होईना, आणि जाऊ नये असंही वाटेना. तेव्हा शाळेतल्या बाईंनी तिला ही कादंबरी दिली. हिच्यातही एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ, परदेशी शिकायचं बोलावणं आणि बोट. बाई म्हणाल्या, आधी ही वाच, मग ठरव.

"तिच्या हातात तिकीट पडतं, तिथवर पोचले होते," ताई म्हणाली. "आणि तुला गोवर निघाला. तुझ्या उशाशी बसले, वाचायला कुठलं जमतंय! तू उठेपर्यंत बाईंची बदली झाली. पुस्तक गेलं, माझी बोटही गेली."

हे तिनं हसत हसत सांगितलं. डॉक्टरही सवयीनं हसले, आणि मग त्यांना हसू आवरतं घ्यावं लागलं. ताईनं लग्न केलं नव्हतं. कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसून तिनं त्यांना दातांचा डॉक्टर केलं होतं. हे त्यांना पाठ होतं. गोवराचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"माझं सोड," ताई म्हणाली. "पन्नास वर्षं डोक्यात आहे ते एवढंच, की ती बोटीत चढली की नाही."

डॉक्टरांनी वकीलसाहेबांना फोन लावला. त्यांची प्रत कापलेलीच होती, नुसतं बघून सांगायचं होतं.

"शेवट?" वकीलसाहेब म्हणाले. "मला काय ठाऊक? मी ते वाचायला घेतलंय का?"

"जरा उघडून बघता का?"

"आणि कणा तडकला म्हणजे? रविवारच्या तोंडावर माझी प्रत खराब करायचा बेत आहे वाटतं तुमचा! डॉक्टर, इतके खाली उतराल असं वाटलं नव्हतं."

फोन आपटला गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी डॉक्टरांची गत झाली. कोडं सोडवलं ते बायकोनं, मटार सोलता सोलता. "अहो, लोकांच्या अक्कलदाढेमागचं दिसतं तुम्हाला, आणि दोन पानांमधलं दिसत नाही?"

डॉक्टरांनी दवाखान्यातून दात बघायचा लांब दांड्याचा चिमुकला आरसा आणला. जोडलेल्या पानांच्या घड्या खालच्या बाजूनं उघड्या होत्या. पाकिटात सरकवावा तसा आरसा अलगद आत सरकवायचा, बायकोनं बारीक टॉर्च धरायचा, आणि आत छापलेलं आरशात दिसायचं. फक्त अक्षरं उलटी. ताईनं डोळा लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. डॉक्टरांची मात्र सारी हयात आरशात उलटे दात बघून सुलटं काम करण्यात गेलेली. ते अडखळत, पण वाचू लागले. अशा रीतीनं, काही इलाज नाही म्हणून, डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पुस्तक वाचायला घेतलं.

पहिल्या संध्याकाळी ते उपकार केल्यासारखे वाचत होते. दुसऱ्या दिवशी नायिकेचा मामा लबाड निघाला, तेव्हा त्यांनी "हरामखोर!" म्हणून टेबलावर हात आपटला आणि आरसा आत अडकता अडकता वाचला. त्यानंतर ते मामासाठी वेगळा, घोगरा आवाज काढू लागले. टॉर्च धरून ऐकणाऱ्या बायकोचं दूध दोनदा उतू गेलं. दवाखान्यात एका रुग्णाच्या तोंडात कापूस कोंबून डॉक्टरांनी त्याला आदल्या रात्रीपर्यंतची गोष्ट सांगितली. कापूस निघाल्यावर त्यानं दाढेचं नाही, बोटीचं विचारलं.

शनिवारी नायिका धक्क्यावर पोचली. भाऊ तिचा पदर धरून उभा, शिडी लावलेली, भोंगा वाजलेला. तिनं शिडीवर एक पाऊल ठेवलं, आणि घडी संपली.

पुढची घडी शेवटची. बांधणाऱ्यानं ती अशी आवळून शिवली होती की आरसा जाऊ दे, काडी शिरेना. डॉक्टरांनी सगळ्या बाजूंनी प्रयत्न करून बघितला. घाम आला, चष्म्यावर वाफ आली, आरशाचा दांडा वाकला.

"राहू दे," ताई म्हणाली.

"जरा थांब गं, ह्या कोपऱ्यातून..."

"राहू दे, अरे. फाटेल. उद्या तुझे लोक यायचेत." तिनं भावजयीच्या हातातला टॉर्च बंद केला. "इतकी वर्षं कळलं नाही तर काही अडलं का माझं? तुझी पेटी महत्त्वाची. चल, जेवून घे."

भावजयीला हाताशी घेऊन ती पानं वाढायला गेलीसुद्धा. डॉक्टर जेवले, पण काय जेवले ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रविवारी मंडळ आलं. वकीलसाहेब पुढं, मागं चार सभासद, सगळे इस्त्रीचे. हातमोजे वाटले गेले. वकीलसाहेबांनी भिंग काढलं आणि पुस्तकाच्या कडा घडीगणिक तपासल्या, एखादी तरी फुटलेली निघावी अशा आशेनं. निघाली नाही. शेवटी त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि पडल्या आवाजात म्हणाले, "एकही घडी उघडलेली नाही. अभिनंदन, डॉक्टर. मधली पेटी तुमची."

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे त्या फटफट वाजल्या. ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिला टाळ्या वाजवता येईनात, म्हणून ती नुसतीच हसली. तोंडभरून हसली. आणि ते हसू बघून डॉक्टरांचा जीव कासावीस झाला. ताई पन्नास वर्षांपूर्वी शिडीपाशी थांबली ती आपल्यासाठी. काल पुन्हा तिथवर आली, आणि पुन्हा आपल्यासाठीच थांबली. आणि वर आपल्यालाच म्हणाली, राहू दे!

ते उठून आत गेले आणि परत आले ते हातात एक बोथट, रुंद पाती घेऊन. दातात भरायचं सिमेंट कालवायची ती पाती.

"अहो, हे काय करताय?" वकीलसाहेब ओरडले. "थांबा! अहो, धरा कुणीतरी त्यांना!"

डॉक्टरांनी शेवटची घडी बोटांत धरली, पाती आत घातली, आणि जन्माच्या सवयीनं पुस्तकाला म्हणाले, "मोठा आ करा."

घडी सुर्रकन कापली गेली. एका सभासदानं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी दुसरी बाजूही कापली आणि हातमोज्यांशिवायच पुस्तक ताईपुढं धरलं. "घे. वाच. आणि मोठ्यानं वाच."

"आता तुमची आणि माझी प्रत सारखीच झाली हं," वकीलसाहेब म्हणाले. आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो त्यांच्या मिशीतून बाहेर येत होता.

"सारखी नाही हो," बायको म्हणाली. "आमची ह्यांनी वाचलीय."

ताईनं चष्मा पुसला, बोटाला थुंकी लावली, पान उलटलं आणि वाचायला लागली. सभासदांना आगापीछा ठाऊक नव्हता, म्हणून बायको मधेमधे दबक्या आवाजात सांगत होती, की हा मामा म्हणजे पक्का बेरकी, आणि तिकीट कुणी दिलं ते नंतर सांगते. हळूहळू सगळे खुर्च्यांच्या कडेवर आले. चहावर साय धरली. वकीलसाहेबांना राहवेना.

"मग? चढली का?"

"चढली," ताई म्हणाली, आणि पुढचं वाचलं. नायिका बोटीतून रुमाल हलवत राहिली. धाकटा भाऊ धक्क्यावर घटकाभर रडला. मामानं त्याला खाऊ दिला, तसा तो हसत हसत घरी गेला, आणि पुढं मोठा व्यापारी झाला. समाप्त.

"वा!" वकीलसाहेब म्हणाले. "सगळ्यांचंच भलं झालं की! छान आहे. घरी गेल्यावर सुरुवातीपासून बघतो."

"साफ खोटं आहे," डॉक्टर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ते लालबुंद झाले होते.

"घटकाभर रडला म्हणे! खाऊ दिला म्हणे! लिहिणाऱ्याला पोरांचं काही कळतं का? हसत घरी गेला?" त्यांचा आवाज फाटला, आणि चार माणसांदेखत तो सावरायचं त्यांना सुचलं नाही. "मी नसतो गेलो, ताई. मी तिथंच धक्क्यावर बसून राहिलो असतो."

"ठाऊक होतं रे मला," ताई म्हणाली.

तिनं पदरानं डोळे टिपले आणि कादंबरी मिटली. मंडळाच्या अंगावर काटा यावा अशी फटकन मिटली.

"पन्नास वर्षं मला एकच धास्ती," ती म्हणाली. "शेवट कळला आणि आपणच चुकलो असं निघालं, तर काय करायचं?" मग तिनं पुस्तक भावाच्या हातात ठेवलं आणि चहाचा ट्रे उचलला. "आता वाटतं, चुकली असेल तर ती चुकली."