उत्तर बदलता येईल

"नाव लिहायचं नाही. कुणी काय लिहिलं, ते मलासुद्धा कळणार नाही. समजलं?" समुपदेशक बाईंनी सातवीच्या वर्गाला पुन्हा बजावलं.

"म्हणजे काहीही लिहायचं?" मागच्या बाकावरून लंबूने विचारलं.

"मनातलं लिहायचं."

"मग तेच म्हणतोय ना, बाई!"

वर्ग खिदळला. बाईही हसल्या. पोरांच्या हसण्याला त्या दर वेळी फसत.

प्रत्येकाच्या हातात शाळेचा टॅब होता. समोरच्या भिंतीवर प्रश्न झळकत होता : आपल्या वर्गात काय नको? मुलांनी एकेक शब्द लिहायचा आणि तो भिंतीवर उमटायचा. जितकी जास्त मुलं तोच शब्द लिहितील, तितका तो मोठा होत जायचा. शाळेने ही वेबसाइट नुकतीच घेतली होती, आणि प्रशिक्षणात बाकीचे शिक्षक जांभया देत असताना बाईंनी पहिल्या रांगेत बसून ती शिकून घेतली होती.

शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'रुमालबाई' म्हणत. रडत येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या कपाटात धुतलेल्या रुमालांची चळत असे. त्यांची एक पद्धत होती. मुलाचं पहिलं उत्तर धरायचं नाही, "परत सांग बरं" म्हणायचं. खरं काय ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाहेर येतं. म्हणून वेबसाइटवरही त्यांनी आठवणीने ती सोय चालू केली होती. वेळ संपेपर्यंत उत्तर बदलता येईल. जुना शब्द पुसला जाईल, नवा येईल.

हा सगळा घाट खिडकीजवळ बसलेल्या मुलीसाठी होता. तिच्या दप्तरावर एकदा ढेकूण सापडला आणि त्या दिवसापासून तिचं नावच ढेकूण पडलं. तिच्या शेजारी कुणी बसेना. तिची वही हातात घ्यायची वेळ आली की पोरं नंतर हात झटकत. शेवटी तिने शाळेत यायचंच सोडलं. बाईंनी तिच्या घरी खेटे घातले. "मुलं तुला वाटतात तेवढी वाईट नाहीत गं. त्यांना काय नको असतं, ते तुझ्या डोळ्यांनी बघ एकदा. सुट्टीत हवं तर माझ्या खोलीत येऊन बसत जा." आज सकाळी आई तिला दारापर्यंत सोडायला आली होती. "तुमच्या भरवशावर ठेवून जातेय, बाई," एवढंच म्हणाली.

भिंतीवर शब्द येऊ लागले. गृहपाठ. परीक्षा. भांडणं. पुन्हा गृहपाठ. मुलगी मान वर करून वाचत होती. बाईंनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. बघ, मी काय सांगत होते! मुलगी ओशाळं हसली.

तेवढ्यात कोपऱ्यात बारीक अक्षरांत उमटलं : ढेकूण.

कुणीतरी फिसकन हसलं. गृहपाठ आकसला आणि ढेकूण थोडा फुगला.

"ए, बदलता येतंय! बदल ना!" लंबूने शेजाऱ्याला कोपर मारलं, शेजाऱ्याने पुढच्याला. परीक्षा दिसेनाशी झाली. भांडणं गेली. ढेकूण भिंतीच्या मधोमध येऊन बसला.

बाईंचा हात माउसवर होता. एका टिचकीत सगळं बंद झालं असतं. पण बंद केलं, तर हा शब्द कुणाला उद्देशून आहे ते आपल्यालाही माहीत आहे, असं भर वर्गात कबूल केल्यासारखं होणार होतं. निदान तिच्यादेखत तरी नको. त्या थांबल्या. भल्या माणसांना नको तिथे विचार करायची खोड असते.

आता त्या अवाढव्य शब्दाच्या पायाशी एकच इवलासा शब्द उरला होता : कुजबुज.

तो कुणाचा, हे बाईंना विचारावं लागलं नाही. वर्गालाही लागलं नाही. सगळा वर्ग वळून खिडकीकडे बघत बसला.

मुलीने मान खाली घातली. तिचं बोट टॅबवर हललं.

कुजबुज पुसली गेली.

वेबसाइटने भिंतभर रंगीत फुगे सोडले. 'अभिनंदन! संपूर्ण वर्गाचं एकमत!' वर्गाने बाकं बडवली. लंबू उठून थेट तिच्याजवळ गेला. "तू पण? भारी आहेस की!" त्याने टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिली. त्याने हात झटकला नाही.

घंटा होताच बाईंनी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. "असं का केलंस गं?"

"सगळे थांबले होते ना, बाई. माझ्या एकटीमुळे अडलं होतं."

"अगं, पण तो शब्द..."

"माहितीये." ती इतकी मोकळी हसली, की बाईंना तिच्याकडे बघवेना. "बाई, उद्यापासून सुट्टीत तुमच्या खोलीत नाही आले तर चालेल?"

बाईंना चालणार नव्हतं.

"ए ढेकूण!" आतून लंबूने हाक मारली. "येतेस का खेळायला?"

"आले!" मुलगी म्हणाली आणि पळाली. त्या नावाला तिने आज पहिल्यांदाच ओ दिली होती.