समोरचं स्टूल

संगणकाने एकही पिवळी चौकट काढली नाही, आणि अपेक्षाला तर ती पेशी समोर दिसत होती.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. उमरखेडकडच्या तांड्यावरचं लेकरू. जन्मल्यापासून शी धड झाली नव्हती, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. सर्जननी आतड्याचा कणभर तुकडा तपासायला पाठवला होता. आतड्याला हलायला लावणाऱ्या चेतापेशी त्यात असल्या, तर दुखणं वेगळं, औषधांवर भागेल. नसल्या, तर आजच नागपूर आणि शस्त्रक्रिया. चुकून ‘आहेत’ लिहिलं, तर लेकरू घरी जाऊन दगावेल. चुकून ‘नाहीत’ लिहिलं, तर चांगलं आतडं कापलं जाईल.

लॅब बाबांची, भगवानरावांची. त्यांनी हौसेने दोघांनी मिळून पाहायचा सूक्ष्मदर्शक घेतला होता. समोरासमोर दोन स्टुलं. असा तुकडा आला की ते हाक मारायचे, “बाई, ये बरं इकडे. हाये म्हणायले एक माणूस पुरते, नाही म्हणायले दोन लागते.”

दिवाळीनंतर ते गेले. समोरचं स्टूल रिकामं राहिलं, तेव्हा तिने ही संगणकाची सोय करून घेतली. काचपट्टीची चित्रं तो वाचायचा आणि चेतापेशी वाटेल तिथे चौकट आखायचा. काप काढणारा संघदीप त्याला ‘नवे सर’ म्हणायचा. तिला ते आवडत नसे.

“नवे सर काय म्हणून राह्यले, मॅडम?”

“नाही म्हणतात.”

“आन् तुम्ही?”

तिने काचपट्टी जराशी सरकवली. बाहेरच्या बाकावर लेकराची आजी, मानीबाई, सकाळपासून बसून होती. तिचा मुलगा धावजी, लेकराचा बाप, दवाखान्यात लेकराजवळ. चहा दिला तर तिने तो बाजूला ठेवला. वर साय धरली होती.

पेशी मोठी होती, मधला ठिपकाही ठळक. पण मागच्याच आठवड्यात लोहाऱ्याच्या रस्त्यावर अपेक्षाला बाबाही दिसले होते. तोच करडा स्वेटर, तशीच तिरकी मान. गाडी कडेला घेऊन ती उतरली, तोवर तो माणूस वळला आणि भलताच निघाला. त्याआधी एकदा भाजीबाजारात, एकदा एसटीच्या खिडकीत. हवं ते दिसायला लागलेल्या डोळ्यांचा भरवसा काय धरायचा? यंत्राला निदान काही हवं नव्हतं. पण चुकायचं तेही. मागे त्याने रक्तवाहिनीलाच चौकट घातली होती.

“त्याच तुकड्याचे अजून खोल काप काढ,” ती म्हणाली.

“ॲम्ब्युलन्स उभी हाये, मॅडम. सर्जनचा दोनदा फोन आला.”

“उभी राहू दे.”

नवे काप आले. तिने तीच जागा शोधली. तिची पेशी पुढच्या कापात लांबट झाली, त्याच्या पुढच्यात वाकली, आणि मग स्वच्छ दिसलं: बारीक रक्तवाहिनीचं वळण, तिरकं कापलं गेलेलं. आसपास जाडजूड चेतातंतू होते, चेतापेशी एकही नव्हती. पडद्यावरही चौकट उमटली नाही. तिने ‘नाहीत’ लिहून सही केली आणि स्वतः बाहेर आली.

“आजी, आतड्याच्या खालच्या भागात जे जन्मतःच असावं लागतं ते याच्यात नाही. तेवढा भाग काढावा लागेल. आजच नागपूरला न्या.”

मानीबाईने पदर सारखा केला. “पक्कं का, बाई?”

“पक्कं. दोघांनी पाहिलंय.”

“दुसरं कोन हाये अंदर?”

अपेक्षाने दाराकडे पाहिलं. “नवे सर आहेत.”

“त्याइले सांगजा, बरं झालं. समदे ‘पाहू पाहू’च करून राह्यलते. नाही म्हटलं तं मानसाले पाय तं उचलता येते.” गार चहा तिने एका घोटात संपवला, कप आपणच विसळून ठेवला आणि ॲम्ब्युलन्सकडे चालू लागली.

अपेक्षा आत येऊन पहिल्यांदाच समोरच्या स्टुलावर बसली. तिकडून पाहिलं, तर एकाऐवजी दोन वर्तुळं दिसली. भिंगांमधलं अंतर बाबांच्या डोळ्यांचं होतं. ती भिंगं रोज पुसायची, पण कधी हलवली नव्हती.

जरासं सरकवलं असतं तर वर्तुळं एक झाली असती. ती थोडा वेळ तशीच दोन वर्तुळांत पाहत राहिली, मग तिने दिवा बंद केला.