बॉनेटवरचे सांडगे

पैज लागली ती ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, इडलीच्या रांगेत.

श्वेता नागपूरची, अजिंक्य पुण्याचा. बंगळुरूत दोघं एकाच टीममध्ये होते आणि दोघांनाही जुन्या गाड्यांचं वेड होतं. श्वेताकडे एक काळी एस्टीम होती. भंगारात निघालेली ही गाडी तिने पहिल्या पगारातून उचलली होती आणि दोन वर्षांचे रविवार खर्ची घालून रस्त्यावर आणली होती. अजिंक्यचा त्या गाडीवर पहिल्यापासून डोळा. "असा न गंजलेला सांगाडा आता मिळत नाही," हे वाक्य तो आठवड्यातून एकदा तरी म्हणायचाच.

आता श्वेताला त्या गाडीला टर्बो बसवायचा होता. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, मग गाडीच्या अंगात बळ येतं. टर्बो तिला एका मोडीत निघालेल्या डिझेल गाडीचा मिळाला होता. अडलं होतं ते मॅनिफोल्डपाशी. इंजिनाच्या चार भोकांतून येणारा धूर एकत्र करून टर्बोपर्यंत नेणारा चार नळ्यांचा हा पंजा या गाडीसाठी तयार मिळत नाही. तो घडवून घ्यावा लागतो.

"घडवून कशाला घेऊ? मीच घडवते," श्वेता म्हणाली.

"घरी? कशाने, इस्त्रीने?"

"वेल्डिंग मशीन घेतलंय."

तिने फोनवर फोटो दाखवला. अजिंक्यने तो बोटांनी मोठा केला. "हा जेवणाचा डबा आहे का?"

"काऊन बे? चालते न ते."

"चालेल. पण मॅनिफोल्ड लाल होईपर्यंत तापतो, श्वेता. तुझे जोड पहिल्याच फटक्यात तडकतील."

"नाही तडकले तर?"

शहराबाहेर, होसकोट्याच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात त्यांचा गाड्यांचा क्लब महिन्यातून एकदा घड्याळ लावून फेऱ्या घेत असे. अजिंक्य म्हणाला, "पुढच्या खेपेला तिथे एक फेरी पूर्ण कर. मॅनिफोल्ड शाबूत राहिला, तर मी तुझ्या गाडीचं नाव परत काढणार नाही. तडकला किंवा फेरीच झाली नाही, तर गाडी माझ्या नावावर करायची."

श्वेताने हो म्हटलं. इडली घेऊन जागेवर बसल्यावर तिला शब्द मागे घ्यावासा वाटला, पण तोवर अजिंक्यने शेजारच्या टेबलावर बातमी पोचवली होती.

ऑफिसातले बहुतेक जण ऑफिसजवळच्या एचएसआर लेआउटमध्ये राहायचे. श्वेता चामराजपेटेत राहायची, आणि तेही गाडीपायीच. जेसी रोडवरची सुट्या भागांची दुकानं तिथून चालत जाण्याइतकी जवळ होती आणि घराला चक्क अंगण होतं. घरमालकीण गंगव्वा मूळची निपाणीकडची. लग्न होऊन चामराजपेटेत आली त्याला आता एक जन्म लोटला होता, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की कुठली भाषा कुठे संपते ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पहिल्या दिवशी श्वेताने अंगणात मशीन लावलं आणि गंगव्वाच्या घरातला दिवा मिणमिणला. गंगव्वा बाहेर आली.

"काय करायलीस गं? माझा मिक्सर रडायलाय आत."

"वेल्डिंग, अक्का. गाडीसाठी."

"सरी, बरं. मग असं कर. माझा मिक्सर चालू असला की तुझं बंद. तुझं चालू असलं की माझा बंद. आधी हाक मारायची."

हा तह दोघींनी शेवटपर्यंत पाळला. "अक्का, लावते!" अशी हाक गेली की आतून "लाव!" येई. कधी "स्वल्प थांब, चटणी व्हायचीय," असंही येई. मग श्वेता हेल्मेट वर करून चटणी होण्याची वाट बघत बसे.

कामाला ती तिच्या नेहमीच्या शिस्तीने लागली. ऑफिसात तिचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. दुसऱ्याने काय तपासायचं विसरलं, हे हुडकण्याचा तिला पगार मिळत असे. कारखान्यात वाफेसाठी वापरतात ते जाड भिंतीचे लोखंडी बाक, म्हणजे कोपरासारखे वळलेले पाइपचे तुकडे, तिने आणले. पातळ पाइप तिच्या स्वस्त मशीनने भोकं पडून वाया गेला असता. जाड बाकाने नवशिक्या हाताच्या चुका पोटात घातल्या. इंजिनाला टेकणारी सपाट पट्टी उष्णतेने पापडासारखी वाकू नये म्हणून तिने ती जाड पोलादी पाटाला आवळून बांधली आणि मगच टाके मारले. रॉडने वेल्डिंग करताना जोडावर काचेसारखी काळी साल जमते, तिला स्लॅग म्हणतात. ती पाइपच्या आत राहिली आणि सुटली, तर थेट टर्बोच्या पंख्यावर आदळून पाती मोडते. म्हणून प्रत्येक नळी बंद करण्याआधी ती आतून सळईने ठोकून झाडायची.

मोजमापही चोख होतं. नळ्या रेडिएटरपासून किती लांब, ब्रेकच्या नळीपासून किती, बॅटरीपासून किती, सगळं तिने पट्टी लावून पाहिलं. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, खाली. वर बघायचा प्रश्नच नव्हता. वर आकाश होतं.

कारण बॉनेट गच्चीवर होतं.

काम सुरू करताना तिने बॉनेट काढलं होतं आणि ओरखडे नकोत म्हणून गच्चीत दोन स्टुलांवर आडवं ठेवलं होतं. मार्चचं ऊन, काळा पत्रा. वाळत घातलेले कपडे काढायला गेलेल्या गंगव्वाचा हात त्याला लागला आणि तिने चटकन मागे घेतला.

"अय्यो, तवाच हाय की हा! श्वेता, यावर कोहळ्याचे सांडगे घालू काय?"

"घाला की, अक्का."

गंगव्वाने धुतलेलं सुती लुगडं चौपदरी करून अंथरलं आणि त्यावर सांडगे घातले. एरवी तीन उन्हं खाणारे सांडगे एका दिवसात खडखडीत वाळले. बातमी गल्लीत फिरली. शेजारच्या प्रमोदिनीबाईंच्या साबुदाण्याच्या पापड्या आल्या, मग कोपऱ्यावरच्या घरच्या भरल्या मिरच्या. बॉनेटला नंबर लागले.

श्वेताने ते खाली आणून एकदा बसवून बघायचं ठरवलं नव्हतं असं नाही. तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा गंगव्वा जिन्यात आडवी आली. "ओले हायत गं. हलवलंस तर मोडतील. उद्या घे." आणि उद्या दुसऱ्या कुणाचे तरी ओले असत.

शेवटी शेवटचा टाका झाला, टर्बो जागेवर बसला, आणि होसकोट्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, दोघींनी मिळून बॉनेट खाली आणलं. बिजागऱ्यांना लावलं. श्वेताने ते हलकेच सोडलं. ते अर्ध्यात खट्टकन थांबलं. तिने दाबलं. गंगव्वानेही दाबलं. खाली टर्बो, वर पत्रा, आणि बंद व्हायला चार बोटं कमी.

"झाकण बसंना की गं," गंगव्वा म्हणाली.

श्वेता पायरीवर जाऊन बसली. सगळ्या बाजू तपासल्या होत्या. राहिली ती एकच, आणि तिच्यावर पापड्या वाळत होत्या.

"भोक पाड त्याला. वरनं डोकं काढूदे बाहेर," गंगव्वाने उपाय सुचवला.

"चालत नाही, अक्का. बॉनेट अख्खं पाहिजे, नाहीतर आतच घेत नाहीत. क्लबचा नियम आहे."

गंगव्वाने बॉनेटवरून पदर फिरवला. "माझंच चुकलं म्हण की," ती पुटपुटली. श्वेताने मान हलवली. "तुम्ही सांडगे घातलेत. मोजायचं मला होतं."

मग ती उठली. चारही नळ्या जिथे एकत्र येत, तिथून एक आखूड मान वर जात होती आणि त्या मानेवर टर्बो बसत होता. मानच उंच होती. ती कापून, आडवी फिरवून, खालच्या अंगाला झुकवली तर जमणार होतं. फक्त टर्बोतलं तेल त्याच्या त्याच्या वजनाने खाली उतरायला हवं, तेवढा कोन सांभाळायचा. मॅनिफोल्ड खाली उतरला. ग्राइंडर लागला. आपणच आठवडाभर खपून केलेला जोड कापताना तिने दात आवळले होते.

"अक्का, लावते!"

"लाव गं लाव! आज मिक्सरच न्हाई. पाट्यावर वाटते."

दुपार कलायच्या आत मान नव्या कोनात बसली. मॅनिफोल्ड चढला, टर्बो चढला. बॉनेट सोडलं आणि ते धप्पकन बंद झालं. गंगव्वाने टाळी वाजवली. इंजिन दोन मिनिटं चालवून बघितलं, कुठून गळत नव्हतं. संध्याकाळी सपाट पाठीच्या ट्रकवर गाडी चढली तेव्हा गल्लीतल्या तीनचार जणी दारात येऊन उभ्या होत्या. बॉनेटकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या, त्यात थोडी हळहळ होती.

होसकोट्याला रविवारी सकाळी रांग मोठी होती. तपासनिसाने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आपटून बंद केलं आणि "सरी" म्हणून पुढे पाठवलं. वेळ धरलेल्या फेऱ्या जेवणाच्या सुट्टीपर्यंतच होत्या. दुपारनंतरच्या मोकळ्या फेऱ्या कुठे मोजल्या जात नाहीत.

अजिंक्य हातात चहाचा कप घेऊन खिडकीशी आला. "गाडीची कागदपत्रं आणलीस ना? म्हटलं, आजच उरकून टाकू."

"कागदं घरीच राहू दे. तू जोड बघ आधी. पट्टी पाटाला बांधून वेल्ड केली आहे. आणि एकेक नळी आतून ठोकून साफ केलीय. एकेक—"

ती थांबली.

"काय झालं?"

एकेक नळी, खरं. पण काल कापून परत जोडलेली मान? बॉनेट बंद झालं त्या आनंदात तिने टर्बो आवळला होता. मानेत सळई घातलीच नव्हती.

पुढे दोनच गाड्या होत्या. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, उतरली आणि गाडी ढकलत रांगेबाहेर काढायला लागली.

"अगं, काय करतेयस? नंबर जाईल."

"मानेतला स्लॅग काढायचा राहिला. जोरात चालवली की सुटेल न तो."

"न सुटण्याचीही शक्यता आहे," अजिंक्य म्हणाला.

"तुझा टर्बो असता तर चालवली असतीस?"

झाडाखाली गाडी लावून तिने बॉनेट उघडलं. लोखंड तापलेलं होतं, हात लावायची सोय नव्हती. ती हातात पाना धरून नुसती उभी राहिली. तिकडे एकेक गाडी सुटत होती, रांग आखडत होती. अजिंक्यने चहा संपवला, आपल्या गाडीकडे गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात जाड चामड्याचे हातमोजे होते.

"हे घाल. आणि असं बघू नकोस. मी पैज जिंकायला आलोय, टर्बो मरताना बघायला नाही."

मोजे घालूनही बोटं पोळलीच. बोल्ट सैल झाले, टर्बो बाजूला झाला. अजिंक्यने टॉर्च धरला, तिने मानेत सळई घालून ठोकलं. काही नाही. परत ठोकलं. अजिंक्य म्हणाला, "उगाच—" आणि तेवढ्यात नखाएवढा काळा तुकडा टणकन खालच्या पत्र्यावर पडला. त्याच्यामागून आणखी एक, मग चिमूटभर भुगा. दोघंही त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"बस, आवळ आता," अजिंक्य म्हणाला. "क्लबवाले झेंडा गुंडाळायच्या बेतात आहेत."

झेंडेवाल्याशी हुज्जत घालायला तोच पळाला. हिंदीत, इंग्रजीत आणि त्याला येणाऱ्या पाच कन्नड शब्दांत त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण शेवटची गाडी सुटल्यावरही झेंडा खाली उतरला नाही आणि श्वेता रेषेवर येऊन उभी राहिली.

पहिल्या सरळ रस्त्यावर गाडी नेहमीसारखीच चालली. तिला वाटलं, सगळं फुकट गेलं. मग कुठेतरी सीटखालून आल्यासारखी बारीक शीळ सुरू झाली, ती चढत गेली, आणि गाडीने तिला पाठीमागून ढकललं. श्वेता मोठ्याने हसली. पहिलं वळण तिने जरा रुंद घेतलं, दुसरं बरं घेतलं, तिसऱ्यावर मागचं चाक मातीत गेलं. वेळ लागला तो मधल्या नंबरांतला, कुणी टाळ्या वाजवाव्यात असा नव्हे. पण फेरी पूर्ण झाली.

झाडाखाली बॉनेट परत उघडलं. मॅनिफोल्ड टिकटिक करत निवत होता. तो निवेपर्यंत अजिंक्यने दम धरला. मग टॉर्च घेऊन तो आत वाकला आणि एकेक जोड बघायला लागला. तारेच्या ब्रशने घासलं, परत बघितलं. मानेपाशी तो इतका वेळ थांबला की श्वेताने दुसरीकडे तोंड फिरवलं.

"दिसायला भयंकर आहेत हे जोड," तो वाकूनच म्हणाला.

"दिसायचं काम नव्हतंच त्यांना. तडा?"

तो सरळ झाला, कंबर धरून. "नाही."

"बघ नीट."

"बघितलं नीट. कुठेच नाही." त्याने टॉर्च बंद केला आणि गाडीच्या काळ्या छपरावर एकदा हात फिरवला.

"नाव काढणार नाही म्हणाला होतास गाडीचं."

"नाही काढत. फक्त विचारतो. दुपारच्या मोकळ्या फेऱ्यांना डावीकडची सीट रिकामी आहे का?"

श्वेताने मागच्या सीटवरचं जास्तीचं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. "बस. पण तोंडातून शब्द काढायचा नाही."

पहिल्या वळणापर्यंत त्याने तो शब्द पाळला.