फुली

आंबा कापल्याशिवाय आतलं कळत नाही, असं सगळी रत्नागिरी म्हणते. मैमुनाला न कापता कळायचं. हापूस वरून केशरी, देखणा, आणि आत कोयीपाशी पांढरट, भुसभुशीत, आंबट. ह्याला साका म्हणतात, आणि ह्या साक्यानं भल्याभल्या बागायतदारांना मुंबईच्या बाजारात खाली मान घालायला लावली आहे. मैमुना फळ तळहातावर घ्यायची, किंचित तोलायची, देठाशी नाक न्यायची आणि बाजूला ठेवायची. पहिल्या वर्षी तिच्या बावांनी, दाऊदमियाँनी, पडताळा म्हणून तिनं बाजूला काढलेले बारा आंबे कापले. अकरांत साका निघाला. बाराव्यावरून बापलेकीचं भांडण अजून मिटलं नव्हतं.

दाऊदमियाँ पावसच्या रस्त्यावरच्या बागा खंडानं घ्यायचे. आंबा राजिवड्यात घरामागच्या मांडवात उतरायचा. यमुनाबाई आणि तिच्यासोबतच्या चार बाया पेंढा घालून पेट्या भरायच्या. बायको चार वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून दाऊदमियाँचा सगळा जीव पोरीत होता; धंदा तर त्याच्याही आधीपासून पोरीच्या नाकात होता. पेटी भरली, मैमुनानं शेवटचा हात फिरवला, की ती फळीवर खडूनं मोठी फुली मारायची. फुली म्हणजे बघितली, चोख आहे, जाऊ दे. फुलीशिवाय पेटी ट्रकात चढत नसे.

ट्रक मुनाफचा. म्हणजे त्याच्या मामाचा, चालवायचा मुनाफ. राहायचा तीन घरं पलीकडे. सहा वर्षं तो फुल्या बघून पेट्या चढवत होता. त्यातली निदान तीन वर्षं तरी फुलीपेक्षा फुली मारणाऱ्या हाताकडेच जास्त बघत होता. बोलणं म्हणाल तर "किती?" "चाळीस." संपलं. पण मुंबईहून परत येताना तो कोऱ्या पेट्या आणायचा, आणि त्यांतल्या एखाद्या पेटीच्या आतल्या फळीवर खडूनं काहीतरी लिहिलेलं असायचं. 'घाटात तुझी आठवण आली.' 'नवी ओढणी बरी दिसते.' मैमुना ते ओढणीच्याच टोकानं पुसायची, आणि मग दिवसभर यमुनाबाई विचारायची, "काय गो बाय, ओढणीला पीठ कसलं लागलंय?"

आता एवढं सगळं असताना पोरीनं सुखानं राहावं की नाही? पण तिच्या डोक्यात किडा होता. साका कळतो, पण तो का होतो? कुणी म्हणे कातळाची झळ लागते, कुणी म्हणे झाडावरून उशिरा काढला म्हणून, आणि बावा म्हणायचे, "अल्लाची मर्जी." मैमुनाला हे तिन्ही पटत नव्हतं. बारावी सायन्सला चांगले मार्क मिळाले होते. दापोलीला शेतकीचं कॉलेज होतं, तिथं ह्याच गोष्टीवर माणसं डोकं घालून बसली होती. पहिल्या वर्षी आंब्याच्या धांदलीत फॉर्मची तारीख गेली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशी साली, मुनाफनं स्वतः वाट वाकडी करून दापोलीहून फॉर्म आणला. बावांनी सही केली. "जा गो. शीक. पण आंब्याला ये हां." म्हणाले आणि पाठ फिरवून उगीचच पेंढा झटकत बसले. मुलाखतीचं पत्र आलं. शनिवार, बारा जून, सकाळी दहा. मैमुनानं ते कुराण ठेवायच्या खणात ठेवलं आणि रोज एकदा उघडून बघितलं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कोऱ्या पेट्या आल्या. वरच्याच पेटीत लिहिलं होतं: 'कुवेतचा व्हिसा आला. आम्माला पाठवू का?'

मैमुनानं ते दोनदा वाचलं. नको असं नव्हतं. मुनाफ हवाच होता. पण आधी दापोली, आधी ती बारा तारीख, मग हवं तर त्याच संध्याकाळी आम्मा येऊ दे. एवढं सगळं फळीवर कुठं लिहिणार? मागं यमुनाबाई चुंबळ सोडत उभी होती, आणि ती आता साक्षरतेच्या वर्गाला जाऊन अक्षरं जुळवायला लागली होती. 'नको' तिनं नक्की वाचलं असतं. मैमुनानं सवाल पुसला आणि त्या जागी शाळेतल्या बाई चुकलेल्या उत्तरावर मारायच्या तशी झटक्यात फुली मारली. चूक. आत्ता नाही. संध्याकाळी "ही फळी तडकलीय, परत ने" म्हणून पेटी मुनाफच्या हातात दिली. त्यानं आत बघितलं. त्याचा चेहरा असा काही झाला की तिला वाईट वाटलं. बिचारा हिरमुसला, असं तिला वाटलं.

हिरमुसला कसला! सहा वर्षं फुली बघून पेटी चढवणारा माणूस तो. त्याला शाळेतली फुली कुठली आठवायला?

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजनंतर, मुनाफची आई हाजराबी दोन बायका आणि साखरेचं ताट घेऊन दारात उभी. मैमुना मांडवात होती. ती हात धुऊन घरात येईपर्यंत बावांच्या तोंडात होकाराची साखर पडलीही होती, आणि दाऊदमियाँ, ज्यांना बायकोच्या मयतीलाही कुणी रडताना पाहिलं नव्हतं, ते ढसाढसा रडत होते.

"तीन घरं पलीकडे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझी पोर तीन घरं पलीकडे. मी तर दापोलीच्या नावानं रोज मरत होतो, हाजराबी. कुणाला बोललो नाय."

मैमुना चौकटीला धरून उभी राहिली. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"रमजान तोंडावर आलाय," हाजराबी म्हणाली. "मुनाफचं तिकीट वीस तारखेचं. अकरा जूनला जुम्मा आहे, निकाह उरकून घेऊ. बाराला वलीम्याची दावत."

"बाराला माझी मुलाखत हाय," मैमुना म्हणाली.

हाजराबी वाईट बाई नव्हती. तिनं मैमुनाच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "कसली, शेतकीची? अगो, पुढं तू जाशील त्या कुवेतला वाळू हाय नुसती. आणि तो गेल्यावर मला कोण हाय? तू येतंस म्हणून तर मी त्याला सोडतंय." तिनं साखरेची चिमूट मैमुनाच्या ओठांशी धरली. सगळे बघत होते. बावा ओल्या डोळ्यांनी हसत होते. मैमुनानं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी पेट्या चढवताना तिनं मुनाफला मांडवाच्या कोपऱ्यात गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी आकडे आणि पेट्या सोडून बोलली.

"मी फुली मारली होती ना?"

"तीच बघून तर पाठवलं!" तो इतका हसत होता की त्याला नीट बोलता येईना. "मला वाटलं होतं तू नाय म्हणशील. दापोली सोडणार नाय तू. पेटीत फुली बघितली आणि... मैमुना, मी ट्रक बाजूला घेऊन रडलो. माझ्यासाठी तू एवढं सोडलंस."

मैमुनाला सगळं एकदम उमगलं, आणि आपण किती मूर्ख आहोत हेही. सांगावं? आत्ता सांगितलं तर हा आम्माला ताट परत घेऊन जायला लावेल, तसा वेडा आहे. मग खाल्लेली साखर उलटी करणारी पोर म्हणून जमातीत बावांचं नाव निघणार. हाजराबी पुन्हा ह्या दारात पाऊल टाकणार नाही. आणि हा वीस तारखेला कुवेतला जाणार, तो ह्या चेहऱ्यानं नाही, दुसऱ्याच.

"काय झालं?" मुनाफनं विचारलं.

"काय नाय. किती चढल्या?"

"चाळीस."

तिला त्याच्यावर राग यावा असं वाटत होतं. येत नव्हता. कुणाचाच येत नव्हता, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. कुणी अडवलं असतं तर ती भांडली असती. बाराव्या आंब्यासाठी ती सहा वर्षं भांडत होती.

अकरा जूनला मांडव धुऊन तिथंच जेवणाच्या पंगती मांडल्या. मैमुना आतल्या खोलीत बसली होती. हातांना मेंदी होती, तरी बोटांना आंब्याच्या चिकाचा वास होता. यमुनाबाई कोपऱ्यात पदरानं डोळे पुसत होती. निकाहात तिच्या बाजूचे वकील म्हणून तिचे मामू दोन साक्षीदार घेऊन आत आले. मेहरची रक्कम सांगून त्यांनी तीनदा विचारलं, आणि तीनदा ती "कबूल" म्हणाली. तिसऱ्यांदा आवाज जरा बरा निघाला. मामूंनी रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवलं आणि पेन हातात दिलं.

"कुठं करू, मामू?"

"ही काय, पेन्सिलीनं फुली मारलेय बघ. फुली हाय तिथं सही कर."

फुली बारीकशी होती. मैमुना तिच्याकडे बघत राहिली. मामूंना वाटलं पोर लाजतेय. मग तिनं दापोलीच्या फॉर्मवर केली होती तशीच, पूर्ण नावानिशी, सुवाच्य सही केली.

मामूंनी शाईवर फुंकर घातली आणि रजिस्टर दारातल्या माणसाच्या हातात दिलं.

"बघितलं, चोख हाय," ते म्हणाले. "जाऊ दे बाहेर."