नैवेद्याआधीचा काढा

पोटात कळ आली तशी हेमावती मागच्या पडवीतल्या चटईवर दुमडून बसली. मद्रासच्या मैलापुरातल्या त्या भाड्याच्या घरात सून बाहेर बसली की तिची जागा ती. साडेदहाला मुलींच्या शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखत होती, आणि हिला सरळ उभं राहता येईना. मागची मुलाखत अशीच हुकली होती. ही हुकली की नोकरीचा नाद सोडायचा, असं नवऱ्यानं, अनंतकृष्णानं, आधीच सांगून ठेवलं होतं.

बरं, औषध नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. सासूबाईंचा, सकवारबाईंचा, काढा साऱ्या गल्लीत नावाजलेला. ओवा भाजायचा, सुंठ ठेचायची, गूळ घालून पाणी अर्धं होईस्तोवर आटवायचं, वर चमचाभर तूप. शेजारच्या अलमेलूमामीच्या मुली पोट धरून मागच्या भिंतीपाशी यायच्या, आणि सकवारबाई त्यांना कौतुकानं काढा द्यायच्या. पण दुपारी हं! सकाळी चूल सोवळ्यातली. देवाचा नैवेद्य होईस्तोवर तिच्यावर दुसरं काही चढवायचं नाही, ही तंजावरहून बरोबर आणलेली रीत. दुखणं सकाळी उठलं तर त्यानं देवाचं जेवण होईपर्यंत गप बसायचं.

"आत्याबाई, घोटभर काढा मिळेल का?" हेमावतीनं पडवीतूनच विचारलं.

"नैवेद्य होऊ दे."

"तोवर बारा वाजतील. मला दहाच्या आत निघायला हवं."

"मग नको जाऊ. अशा दिवसांत जायचं अडलंय कुणाचं?"

बसमध्ये अख्ख्या मद्रासला खेटून उभं राहिलं तर कुणाचं काही बाटत नव्हतं. घरातल्या पातेल्यालाच तेवढी तिची बाधा होणार होती.

थोड्या वेळानं आतून खलबत्त्याचा आवाज आला. मग भाजलेल्या ओव्याचा वास. हेमावतीला भरूनच आलं. बोलतात फटकळ, पण मनानं वाईट नाहीत हो, असं म्हणत तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आपला पेला पुढे सरकवून ठेवला.

"घ्या, सावकाश प्या," सकवारबाईंचा आवाज आला. "रात्री लग्नात जिलब्या जरा कमी खाल्ल्या असत्या तर?"

काढा सासऱ्यांसाठी होता. राणोजीरावांचं पोट फुगलं होतं. त्यांनी ढेकर दिली ती पडवीपर्यंत ऐकू आली.

हेमावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. ओवा तोच, सुंठ तीच, चूलही तीच. जिलब्यांसाठी देव थांबला, आणि हिच्यासाठी त्याला घाई! ती भिंतीला धरून उठली, माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीवरचं उरलेल्या काढ्याचं पातेलं फडक्यानं धरून खाली उतरवलं.

सकवारबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. भात, वरण, देवासाठी काढलेली खीर, सगळं बाटलं होतं. अनंतकृष्ण दारात आला, बघून म्हणाला, "आता मी ऑफिसला काय खाऊन जाऊ?"

"काल रात्रीच्या जिलब्या असतील तर बघा," हेमावती म्हणाली.

"लाज नाही वाटत?" सकवारबाई कडाडल्या. "लग्न होऊन आले तेव्हा बारा वर्षांची होते मी. पडवीत पडून गडाबडा लोळायचे. मला कुणी दिला काढा? सासूनं एकदा ढुंकून पाहिलं नाही. मेले का मी?"

"नाही मेलात. म्हणून तर तुम्हाला ठाऊक आहे, किती दुखतं ते." हेमावतीचा आवाज चढला नव्हता. "मामंजींना ठाऊक नाही, ह्यांना नाही. त्यांच्यावर मी काय चिडू? या घरात माझं दुखणं कळणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि तुम्हीच मला बारा वाजेपर्यंत थांब म्हणालात."

सकवारबाईंनी बाटलेल्या खिरीचं भांडं उचललं आणि पुन्हा सोवळ्यात येण्यासाठी त्या न्हाणीघराकडे आंघोळीला निघाल्या. दारात त्या क्षणभर थांबल्या.

"तुपाची बुधली खालच्या फळीवर आहे," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या.

हेमावतीचा राग तेवढ्यानं उतरण्यातला नव्हता. तिनं तूप घातलं, चुलीपाशीच मांडी घालून पातेल्यातला काढा सगळा प्याली, आणि वेणी घालायला घेतली.