दुसऱ्यांदा वाचलेली चिठ्ठी

फलाटकाकांना सगळं दोनदा सांगायची खोड होती, आणि ती त्यांना नोकरीने लावली होती. चौतीस वर्षं त्यांनी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. घोषणा एकदा करून भागत नाही. पहिल्यांदा लोक कान टवकारतात, दुसऱ्यांदा ऐकतात. निवृत्त झाल्यावर घरातही "मीठ कमी आहे" हे वाक्य दोनदा यायचं, आणि बायको म्हणायची, "अहो, मी फलाटावर उभी नाही. पहिल्यांदाच कळलं."

रिकामं बसून त्यांचा जीव घुसमटायला लागला, तेव्हा प्रार्थनाघरात वाचकाची जागा निघाली. तिथे दाराशी एक लाकडी पेटी असे. ज्याला कोणासाठी प्रार्थना हवी असेल त्याने चिठ्ठी लिहून तिच्यात टाकायची, खाली नाव घालायचं नाही. आठवड्याच्या प्रार्थनेला वाचकाने सगळ्यांदेखत पेटी उघडायची, हाताला येईल ती चिठ्ठी जशीच्या तशी वाचायची आणि लोकांनी म्हणायचं, "आम्ही सोबत आहोत." नियम दोनच. चिठ्ठी आधी बघायची नाही, आणि कोणतीही नाकारायची नाही.

सहा वर्षं काका चिठ्ठ्या वाचत होते. अर्थातच प्रत्येक दोनदा. लोक आधी हसले, मग दुसऱ्या वाचनानंतरच उत्तर द्यायला शिकले. काकांचा त्या जागेवर भारी जीव होता. ती गेली तर आपल्या आवाजाला जगात काही काम उरणार नाही, हे ते पक्कं ओळखून होते.

मग ती बातमी आली. दूरच्या एका ग्रहाच्या चंद्रावर, मैलोगणती बर्फाखालच्या समुद्रात, यानाला जिवंत काहीतरी सापडलं होतं. मुठीएवढे, मंद उजेडाचे, घोळक्याने राहणारे जीव. दोन दिवस लोक गच्च्यांवर उभे राहून आकाशाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी भांडायला लागले. कोणी म्हणे, आता देवाचं काय उरलं. कोणी म्हणे, बातमीच खोटी. न्हावी आणि त्याचा सख्खा भाऊ एकाच दुकानात पाठीला पाठ लावून केस कापत, पण एकमेकांकडे कात्रीसुद्धा मागत नसत. प्रार्थनाघरात येणारे निम्म्यावर आले, आणि जे येत तेही दोन बाजूंना फुटून बसत. मधल्या वाटेपलीकडे कोणी कोणाकडे बघत नसे.

तिथले गुरुजी वयाने काकांच्या मुलासारखे. त्यांना वरच्या धर्मसभेचं पत्र आलं. सभा आठ महिन्यांनी भरेल, तोवर या विषयावर प्रार्थनाघरात अवाक्षर निघता कामा नये. गुरुजी माणूस वाईट नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी काकांना बाजूला घेतलं.

"काका, यापुढे चिठ्ठ्या आधी मी बघत जाईन."

"तसा नियम नाही, गुरुजी."

"मग तुम्ही सांभाळा. तसली चिठ्ठी हाती आली तर घडी घालून बाजूला ठेवा. वाचलीत तर मला दुसरा वाचक शोधावा लागेल. माझा नाइलाज आहे."

काकांनी मान हलवली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेही दोनदा. ती भाजी चिरत होती.

"तुम्हाला नाही जमायचं," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघितलं की तुमचं तोंड सुरू. मधे डोक्याला थांबा आहे कुठे?"

"जागा जाईल माझी."

"ऐकलं," ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

प्रार्थनेच्या सकाळी काकांनी पेटी उघडली. पहिली चिठ्ठी कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची निघाली. "आम्ही सोबत आहोत," लोक म्हणाले, पण दोन बाजूंचे दोन सूर, आणि दोन्ही मरगळलेले. मग दुसरी चिठ्ठी हाती आली. काकांनी ती उघडली आणि सवयीने, ठणठणीत आवाजात वाचून टाकली.

"बर्फाखाली राहणाऱ्यांसाठी. त्यांच्यातला एक विझत चाललाय, असं काल बातम्यांत दाखवलं. बाकीचे त्याला मधे घेऊन बसलेत, हलत नाहीत. आपल्याकडे कोणाच्या घरी असं झालं की आपण प्रार्थना करतो."

शेवटचा शब्द बाहेर पडल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गुरुजी उठून उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज त्यांनी मऊ ठेवला.

"काकांकडून चुकून वाचली गेली. पुढची चिठ्ठी घ्या, काका."

केवढी सोपी वाट होती. हात पेटीत घालायचा की जागा शाबूत. काकांनी चिठ्ठी घडी करायला उलटली आणि मागच्या बाजूला त्यांना स्वतःचंच अक्षर दिसलं. "दूध. दूध. बल्ब. बल्ब." स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं ते.

त्यांनी वर पाहिलं. चौथ्या रांगेत बायको छताकडे बघत बसली होती, जशी काही कोळिष्टकं मोजतेय. तिला या पेटीबद्दल सगळं ठाऊक होतं. जागा जाईल हेही ठाऊक होतं. तरी तिने चिठ्ठी टाकली होती. काकांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग ऊर भरून आला. स्टेशनवर पहिल्याच दिवशी त्यांना शिकवलं होतं, एकदाच केलेली घोषणा धरायची नाही, ती चूक समजायची.

"गुरुजी," ते म्हणाले, "पहिल्यांदा चुकून वाचली. आता मुद्दाम वाचतो."

आणि त्यांनी वाचली. सावकाश, एकेक शब्द मोकळा सोडत, धावत्या गर्दीला जागच्या जागी उभं करणाऱ्या त्या जुन्या आवाजात.

मग डाव्या टोकाकडून न्हावी म्हणाला, "आम्ही सोबत आहोत." उजव्या टोकाचा त्याचा भाऊ त्याच दमात तेच म्हणाला, आणि दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे. देव मानणारे, रागावलेले, बातमी खोटी म्हणणारे, सगळे एका सुरात. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरून जाणारी माणसं दारात येऊन उभी राहिली आणि काय चाललंय ते न विचारता तीही म्हणाली. सहा वर्षांत काकांनी असं उत्तर ऐकलं नव्हतं. त्यांना आपल्या लोकांचा फार अभिमान वाटला.

गुरुजी अजून उभेच होते. एक हात धर्मसभेचं पत्र ठेवलेल्या खिशावर. गेल्या वर्षी त्यांचे वडील वारले, तेव्हा याच माणसांनी त्यांना मधे घेऊन रात्र काढली होती. कोणीही हललं नव्हतं. आता सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि काका पेटीत हात न घालता वाट बघत होते.

गुरुजींनी खिशावरचा हात काढला.

"आम्ही सोबत आहोत," ते एकटेच म्हणाले, हलक्या आवाजात. मग घसा साफ केला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं दुसऱ्यांदा म्हणाले.